शेळीच्या देवीची लस गाईला चालते, मग लाळ्या खुरकुताची सुई दर सहा महिन्यांनी का?

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या गोठ्यात होलस्टीन गाई, एक खिलार खोंड आणि चार-पाच शेळ्या आहेत. लम्पीच्या साथीत गाईंना टोचलेल्या लसीच्या बाटलीवर शेळ्यांच्या देवीचं नाव होतं, त्यावरून शेजारी म्हणाले की डॉक्टरनं भलतीच लस खपवली. लाळ्या खुरकुताची सुई मात्र दर सहा महिन्यांनी, आणि ती गाईला नि शेळीला एकाच बाटलीतून. शिवाय ज्या गाईला लम्पी झाला तिला अँटिबायोटिक दिलं, तेव्हा कॉलेजातला मुलगा म्हणाला की विषाणूवर ते चालतच नाही. आता तुम्ही विचारताय, यात आपल्याला नेमकं फसवलं कुठं?

कुठंच नाही. तिन्ही गोष्टी बरोबर झाल्यात आणि मुलगाही बरोबर बोललाय. मी विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात बरीच वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय. २०२२ च्या साथीत हाच प्रश्न गोठ्यागोठ्यात ऐकला. तेव्हा दारात पुढची गाडी उभी असायची, 'चालते ती लस, घ्या टोचून' एवढंच सांगून निघावं लागायचं. आता सवडीनं लिहितो.

घोळ होतो तो असा. आपण रोगाला जनावराचं नाव लावतो. गाईचा लम्पी, शेळीची देवी, कोंबडीची मानमोडी. मग वाटतं की गाईला होणारे सगळे विषाणू एकमेकांचे भाऊबंद, आणि शेळीचे निराळे. विषाणूंचं वर्गीकरण करणारे लोक जनावर बघतच नाहीत, निदान आधी तरी नाही. ते विचारतात: याच्या आत डीएनए आहे की आरएनए? एकपदरी की दोनपदरी? बाहेर चरबीचं वेष्टण आहे की नुसतं प्रथिनांचं कवच? पेशीत शिरल्यावर हा आपल्या प्रती कशा काढतो? अमेरिकेचे डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये या शेवटच्या प्रश्नावरून विषाणूंचे गट पाडले, आज तसे सात गट धरतात. कुळं, प्रजाती आणि अधिकृत नावं ठरवायला १९६६ पासून एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. ती हल्ली मुख्यतः जनुकांची अक्षरं जुळवून निर्णय घेते.

आणि एक गोष्ट मला अजूनही चक्रावून टाकते. तुमचा खिलार खोंड आणि तो ज्या झाडाला बांधलाय ती बाभूळ या दोघांचं मूळ फार फार मागं गेलं तर एकच निघतं. दोघांच्याही पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र एकाच घडणीचं आहे. लम्पीचा विषाणू आणि लाळ्या खुरकुताचा विषाणू मात्र एकाच गाईत सापडले तरी त्यांचं मूळ एक असल्याचा काही पुरावा नाही. सगळ्या विषाणूंमध्ये सापडतं असं एकसुद्धा समान जनुक नाही. म्हणून त्यांचा एकच वंशवृक्ष काढता येत नाही, वेगवेगळी झाडंच काढावी लागतात. 'दोन्ही विषाणूच ना?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. दोघांनाही वाढायला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते, त्यांच्यातलं साम्य साधारण तेवढ्यावरच संपतं.

आता लम्पी. हा देवीच्या विषाणूंच्या कुळातला, पॉक्सव्हिरिडीतला. १९२९ मध्ये तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, तो पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात २०१९ ला ओडिशात दिसला आणि २०२२ ला आपल्याकडं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. आत दोनपदरी डीएनए, सुमारे दीड लाख अक्षरांचा. विषाणूंच्या मानानं हा चांगला दांडगा, ३०० नॅनोमीटरच्या आसपास. डीएनएचे बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून तिथली यंत्रणा वापरतात. देवीचे विषाणू नकला काढायची स्वतःची हत्यारं घेऊन येतात आणि केंद्रकाबाहेरच काम उरकतात.

या कुळात कॅप्रिपॉक्सव्हायरस नावाची एक प्रजाती, म्हणजे कुळातली एक छोटी शाखा, आहे. तिच्यात तीनच सदस्य: मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि गाईंचा लम्पी. तिघांची जनुकं अक्षराअक्षरानं जुळवली तर ९६-९७ टक्के सारखी निघतात. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडीजच्या, तपासणीवरून तर तिघं वेगळे ओळखूच येत नाहीत. जे प्रयोगशाळेला वेगळं काढता येत नाही, ते गाईच्या प्रतिकारशक्तीलाही येत नाही. शेळीच्या देवीचा दुबळा केलेला विषाणू टोचला की गाईचं शरीर तिघांविरुद्धही सज्ज होतं. सरकारनं साथीत वापरलेली लस अशीच होती, शेळीच्या देवीच्या उत्तरकाशी नावाच्या वाणापासून बनवलेली. गाईला तिची मात्रा शेळीपेक्षा जास्त लागते. ती टोचली म्हणजे लम्पी होणारच नाही असं मात्र नाही. जवळच्या भावाची लस संरक्षण देते, पण ते अर्धवट आणि जनावरागणिक कमीजास्त. खुद्द लम्पीच्याच विषाणूपासून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं बरेलीच्या पशुवैद्यकीय संस्थेसोबत लस तयार केली आणि ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. साथ दारात असताना मात्र जी हातात होती तीच टोचणं शहाणपणाचं होतं.

ही युक्ती नवीही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बुळकांडी आठवत असेल. बुळकांडी गाई-म्हशींचा, पीपीआर शेळ्या-मेंढ्यांचा, पण दोघांचे विषाणू जवळचे नातेवाईक, आणि माणसाचा गोवरही त्यांच्यातलाच. पीपीआरची स्वतःची लस येण्याआधी शेळ्यांना बुळकांडीचीच लस टोचत असत आणि ती चालत होती. पुढं बुळकांडी संपत आली तशी ती लस बंद केली, कारण लस टोचलेलं जनावर आणि रोग होऊन गेलेलं जनावर रक्तावरून वेगळं काढता येईना. २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. तुमच्या डॉक्टरांनी गाईला शेळीची लस टोचली ती याच परंपरेतली.

लाळ्या खुरकुताकडं वळू. जनावरांतला हा सगळ्यात आधी ओळखला गेलेला विषाणू. १८९८ मध्ये जर्मनीत लॉफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवलं की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोग पार होतो. याचं कुळ पिकॉर्नाव्हिरिडी. आत एकपदरी आरएनए, जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचा. आकार २५ ते ३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरवर तीस-चाळीस हजार ओळीनं मावतील. वर चरबीचं वेष्टण नाही.

दर सहा महिन्यांच्या सुईचं एक कारण या आरएनएत आहे. डीएनएची प्रत निघताना चूक दुरुस्त करायची सोय असते. आरएनएची प्रत काढणारं विकर (एन्झाइम) म्हणजे असा नकलनवीस, जो सातबारा उतरवून घेतो पण पुन्हा वाचून बघत नाही. साधारण दर दहा हजार अक्षरांमागं एक चूक. याचा सगळा मजकूरच साडेआठ हजारांचा, म्हणजे जवळपास प्रत्येक नव्या प्रतीत एखादा बदल. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात, पण काही कवचाच्या बाहेरच्या भागात बसतात आणि जुन्या प्रतिपिंडांना विषाणू ओळखू येईनासा होतो. असं होत होत आज याचे सात प्रकार आहेत: ओ, ए, सी, एशिया-१ आणि आफ्रिकेतले तीन. 'ओ' होऊन बरी झालेली गाय 'ए' पुढं उघडीच असते. 'सी' २००४ नंतर जगात कुठं सापडलेला नाही. आपल्याकडं ओ, ए आणि एशिया-१ फिरतात, म्हणून आपली लस या तिघांची मिळून असते. तिच्यातले वाणही फिरत्या विषाणूशी जुळतात का ते अधूनमधून तपासावं लागतं.

पण सगळा दोष आरएनएच्या माथी मारला तर ते खोटं होईल. पीपीआरचा विषाणूही आरएनएचाच, तरी त्याचा प्रकार एकच आणि लस तीन वर्षं तरी टिकते. पिसाळण्याचाही आरएनएचाच, आणि तिथंही जुन्या वाणाची लस अजून काम देते. चुका तिथंही होतात, मात्र त्या विषाणूंच्या बाहेरच्या प्रथिनांना फारसा बदल झेपत नाही. बदललेला विषाणू पेशीत शिरण्याच्याच लायकीचा उरत नाही. म्हणून मी आरएनए म्हटल्यावर थांबत नाही, प्रकार किती तेही विचारतो.

दुसरं कारण लसीच्या जातीत आहे आणि गोठ्यात तेच जास्त लागू पडतं. बाटल्या पुन्हा आल्या की नीट बघा. देवीच्या लसीच्या बाटलीत तळाशी पांढरी कोरडी वडी असते, तिच्यात द्रावण सोडून विरघळवतात. ती जिवंत लस. दुबळा विषाणू शरीरात थोडाफार वाढतो, प्रतिकारशक्तीला खरी झटापट करायला लावतो, आणि संरक्षण वर्षभराच्या आसपास राहतं. लाळ्या खुरकुताची लस दुधासारखी पांढरट आणि तेलकट दिसते. तिच्यातला विषाणू मारलेला असतो आणि तो हळूहळू सुटावा म्हणून तेल घातलेलं असतं. मेलेला विषाणू वाढत नाही, त्यामुळं शरीराची आठवण लवकर पुसट होते. म्हणून सहा महिने.

दोन्ही लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असल्या तरी त्यांचं नाजूकपण वेगवेगळं आहे. विरघळवलेली देवीची लस उन्हात राहिली की गेली, ती बर्फावर ठेवून काही तासांत संपवावी लागते. लाळ्या खुरकुताची लस उलट फ्रीजरमध्ये गोठली तर तेल आणि पाणी फुटून वेगळं होतं. अशी बाटली कितीही हलवा, ती वाया गेली. 'लस देऊनही रोग आला' अशी तक्रार आली की मी विषाणूआधी फ्रीज बघतो.

इथवरचं दोन वाक्यांत: लम्पी आणि शेळीची देवी एका प्रजातीतले, डीएनएचे, फारसे न बदलणारे, त्यामुळं एकाची लस दुसऱ्याला. लाळ्या खुरकूत दुसऱ्याच मुळाचा, बदलता, आणि त्याची लस मेलेली.

यावर तुमचे शेजारी म्हणतील, मग एका कुळाची एकच लस काढा की. तिथं फसगत होते. तिवा तुम्ही पाहिला असेल: पावसाळ्यात गाय एकाएकी तापते, लंगडते, बसून राहते आणि तीन दिवसांत उठून चरायला लागते. तिव्याचा विषाणू आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा विषाणू एकाच कुळातले, रॅब्डोव्हिरिडीतले. एक तीन दिवसांत सोडून जातो, दुसऱ्याची लक्षणं दिसल्यावर जनावर वाचत नाही. त्यांची लस एकमेकांना अजिबात चालत नाही. तसंच शेळ्यांचा मावा. ओठांवर काळपट खपल्या धरतात, करडांना दूध ओढता येत नाही. मावाही देवीच्याच कुळातला, पण प्रजाती निराळी, पॅरापॉक्सव्हायरस. शेळीला देवीची लस टोचली म्हणून मावा थांबत नाही. आणि लम्पी किंवा शेळीची देवी माणसाला होत नाही, मावा मात्र होतो. अशा करडाला हातानं पाजणाऱ्या बाईच्या बोटावर टणक, दुखरा फोड येतो. तेव्हा मावा असला की हातमोजे घाला.

अँटिबायोटिकचं बघू. तुमच्या मुलाचं शास्त्र पक्कं आहे. पेनिसिलीन जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही, ऑक्सिटेट्रासायक्लीन त्याचं प्रथिनं बनवणारं यंत्र बंद पाडतं. विषाणूकडं भिंतही नाही आणि यंत्रही नाही, मग औषध कशावर काम करणार? घटसर्प, फऱ्या हे जिवाणूंचे रोग, तिथं वेळेत दिलेलं अँटिबायोटिक जीव वाचवतं. लम्पीत ते विषाणूसाठी नसतंच. गाठ काही दिवसांनी कशी होते आठवा: मध्ये काळपट, कोरडी पडते, कडेनं गोल फट पडते, आणि मग आतला कडक खुंटा सुटून खाली कातडीच्या जाडीएवढा खड्डा राहतो. गळ्याखालच्या पोळीला आणि पायाला सूज, त्यावर असे खड्डे, त्यावर माश्या. त्या जखमांत आणि कधी फुफ्फुसांत जिवाणू शिरतात आणि गाय त्यानं दगावते. अँटिबायोटिक त्यांच्यासाठी. मात्र प्रत्येक लम्पीला ते द्यावंच असंही नाही. चार-दोन गाठी, ताप उतरलेला, गाय रवंथ करतेय, तर मी ताप-सुजेचं औषध आणि जखमेची निगा यावरच भागवतो. ताप पुन्हा चढला, नाकातून घट्ट शेंबूड आला, जखमेला वास मारायला लागला, तर सुरू करतो. तुमच्या गाईला का दिलं ते तिला पाहिलेल्या डॉक्टरांनाच विचारा, पण देणं चूक होतं असं इथून कुणी म्हणू नये.

वर्गीकरणाचा खरा पैसा वसूल होतो तो गोठा धुताना. लाळ्या खुरकुताला चरबीचं वेष्टण नाही, त्यामुळं साबण आणि स्पिरिट यांचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. पण त्याचं कवच आम्लात आणि अल्कलीत टिकत नाही. सामू (पीएच) सहाच्या खाली किंवा नऊच्या वर गेला की ते फुटतं. म्हणून साधा धुण्याचा सोडा, लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम, गव्हाणीला, दाव्याला, चपलांना आणि दुधाच्या गाडीच्या चाकांना. स्वस्त आणि हमखास. लम्पीचा विषाणू वेगळ्या तऱ्हेनं चिवट. पडलेल्या कोरड्या खपलीत तो महिनाभरापेक्षा जास्त जिवंत राहतो, अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यात तर आणखी. खपल्या गोळा करून जाळायच्या, मग सोडियम हायपोक्लोराइट २-३ टक्के फवारायचं, आणि गोठ्यात ऊन येऊ द्यायचं. ऊन त्याला सोसत नाही. त्याचा मुख्य प्रवास चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्या तोंडातून होतो, त्यामुळं शेणाचा ढीग लांब आणि गोठ्यात धूर किंवा औषध. आणि लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक जनावराला नवी सुई. एकीच्या रक्तातला विषाणू सुईनंच दुसरीला जाऊ शकतो, माशीची गरजच पडत नाही.

आता तुमच्या शेळ्या. लम्पीच्या भीतीनं तुम्ही त्या पाहुण्यांकडं पाठवल्या होत्या असं लिहिलंय. त्याची गरज नव्हती. लस शेळीच्या विषाणूची असली तरी लम्पीचा रोग शेळ्यांत काही दिसत नाही, आणि शेळीची देवी गाईला लागत नाही. धोका आहे तो लाळ्या खुरकुतात. दुभंगलेल्या खुरांची सगळी जनावरं त्याला बळी पडतात, पण शेळी-मेंढीत तो इतका सौम्य असतो की थोडं लंगडण्यापलीकडं काही कळत नाही, आणि तीच गाईपर्यंत रोग आणते. आपल्याकडं पावसाळा सरला की माणदेशातली मेंढरं कृष्णाकाठाकडं उतरतात, पाठोपाठ ऊसतोड टोळ्यांचे बैल येतात. तेव्हा ते येण्याआधीची लसीची फेरी चुकवू नका, आणि शेळ्यांनाही टोचा. लस तीच, मात्रा कमी. वासरांना चौथ्या महिन्याच्या सुमारास पहिली आणि महिन्यानं दुसरी. त्याआधी आईच्या चिकातली प्रतिपिंडं लसीलाच खाऊन टाकतात. आणि वासरांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा की लाळ्या खुरकूत लहान वासराच्या थेट काळजाच्या स्नायूवर जातो. तोंडात एकही फोड नसताना वासरू पीत पीत कोसळतं.

गाभण गाईला लस द्यायची का, यावर मी इथून हो किंवा नाही म्हणणार नाही. किती महिन्यांची गाभण, साथ किती किलोमीटरवर, आधीची लस कधीची, यावर ते ठरतं. साथ गावात असेल तर मी बहुधा हलक्या हातानं धरून देतो, शांत असेल तर व्यायल्यावर. खरसुंडीच्या बाजारातून नवं जनावर आणलं तर मात्र एक महिना वेगळं बांधा. लाळ्या खुरकूत दोन आठवड्यांत दिसतो, पण लम्पीला उमटायला चार आठवडेही लागू शकतात. आणि टोचल्यावर संरक्षण पुरतं यायला तीन आठवडे जातात, त्यामुळं लस दिल्यावर आठवडाभरात गाठी दिसल्या तर लसीनं रोग आणला असं समजू नका. तो बहुधा आधीच शिरलेला असतो.

दुधाचं शेवटी विचारलंय. लम्पी झालेल्या गाईचं दूध उकळून घरात चालतं, तो माणसाला होत नाही. ती अँटिबायोटिकवर असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालू नका आणि घरातही वापरू नका. लाळ्या खुरकुतात फोड दिसायच्या आधीच दुधात विषाणू उतरतो, म्हणून आसपास साथ असेल तर वासरांनाही उकळून गार केलेलंच पाजा.